काकी म्हणालीच नव्हती

२४ सप्टेंबर २००२, कळमनुरी

कॉलेजचे सर आज मेडिकलवर आले, मी कामाला आहे तिथं. काउंटरपाशी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "कॉलेज सोडलंस. गोरमाटी बोली सोडली नाहीस ना?"

त्यांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टरांचा वर्ग चालतो, सहा महिन्यांचा. एमबीबीएसवाले आयुर्वेद शिकतात, बीएएमएसवाले त्यांचं. सरांनी भांडून त्यात चार दिवस तांड्यावरचे घालून घेतलेत. आपण लिहितो ते औषध, ते पथ्य गरिबाच्या घरात पोचतं का, हे डॉक्टरांनी तिथं बसून शिकायचं. यंदा जमलं तर दर बॅचला. न्हाई जमलं तर ट्रस्टी ते चार दिवस कापणार. तांडा आमचाच निवडलाय, बंजाऱ्यांचा, साखऱ्याजवळचा. दुभाषा पायजे.

बघतो म्हणणार होतो. मग सर म्हणाले, तुझ्या वर्गातली सु. आहे या बॅचला.

हो म्हणालो. मालकानं सुट्टी दिली, तोंड वाकडं करून.

२९ सप्टेंबर, तांडा

सु. जीपमधून उतरली. तीन वर्षांनी. वाळलीये.

"अजून तसाच तापट आहेस का रे?"

"न्हाई."

संध्याकाळपर्यंत जीपवाल्याशी वाजलंच. ती लांबून बघत होती.

फर्स्ट इयरला मेसच्या पायरीवर तिला आमची बोली शिकवायचो. पाणी, दूध, म्हैस, भाकर. कळमनुरीच्या देवळातल्या पुजाऱ्याची पोरगी, तिला काय करायची. तरी शिकायची. त्याचे मी काय काय अर्थ काढले. मग सेकंड इयरला व्हायवात मास्तर म्हणाला, तांड्यातले कसले वैद्य, आणि मी रजिस्टर भिरकावलं त्याच्या अंगावर. परत गेलोच न्हाई. तिला सांगायलासुद्धा.

३० सप्टेंबर

आज देवळाच्या ओट्यावर तपासणी. चावळीकाकी (माझ्या बापाच्या धाकट्या भावाची बायको) कंबर धरून बसली. परभणीचा चष्मेवाला डॉक्टर. माणूस गोड. म्हणाला, रोज तेल लावा, शेक घ्या, रात्री दूध-तूप, महिनाभर विश्रांती.

विश्रांती. दसऱ्याला तांडा ऊसतोडीला निघतो, आणि हा विश्रांती लिहितो. माझं डोकं फिरलं. काकी काहीतरी बोलली. मी उठून उभाच राहिलो.

"ती म्हणते, दूध लेकरालाच पुरत न्हाई, मी कुठून पिऊ? आणि विश्रांती कोणत्या दुकानात मिळते तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या."

चष्मेवाल्यानं मान खाली घातली. सरांनी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. म्हणाले, हे मला ट्रस्टींपुढं वाचायचंय. सु. माझ्याकडं बघत होती, एकसारखी.

काकी असं म्हणाली नव्हती. पण खोटं काय आहे त्यात? म्हणायला पायजे होतं तिनं.

१ ऑक्टोबर

हे लिहू नये असं वाटतंय.

हापश्यावर सु. भेटली. बादली लावून उभी, दांडा मी मारायला लागलो.

"काल काकी बोलली ते थोडं कळलं मला," म्हणाली. "तिच्या दारात म्हैस आहे. दूध पिते मी, असं म्हणाली ती."

"दुसऱ्यांच्या दारात न्हाई ना."

"मग दुसऱ्यांना विचारायचं. तिच्या तोंडात कशाला घातलंस?" मग जरा थांबून, "शेवटी माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाली. ते काय होतं?"

मला माहीत होतं काय होतं ते. काकी म्हणाली होती, खरं दुखणं कमरेचं न्हाई. ते तुझ्यासमोर कसं सांगू बाबा, त्या पोरीला घरी पाठव. भाषणाच्या नादात ते मी गिळलं.

एवढंच सांगायचं होतं. सांगितलं काय? "तुमच्या घरी दगडाला दुधानं आंघोळ घालतात. तू मला दुधाचं शिकवू नको."

बादली भरून वाहत होती. ती तशीच सोडून गेली.

३ ऑक्टोबर

काल जीप गेली. सु. पुढच्या सीटवर बसली, मागं बघितलं न्हाई.

आई म्हणाली, "चावळी दोन्ही दुपारी त्या डॉक्टर पोरीची वाट बघून राहिली होती. चहाला दूध काढून ठेवलं होतं. काहून आली न्हाई ती?"

मी म्हणालो, काम होतं तिला.

५ ऑक्टोबर, कळमनुरी

काकीला काल विचारून बघितलं, काय होतंय. म्हणाली, "तुझ्या मेडिकलात त्याची गोळी न्हाई. जा तू." आणि हसली. काकी हसते तेव्हा काही कळत न्हाई.

आज सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी पेन काढलं, वाक्यावर रेघ मारली, चष्मा पुसत बसले.

"चांगलं वाक्य होतं रे. मला हवं तसंच होतं. म्हणून तर मी परत विचारलं नाही."

आता ट्रस्टींपुढं काय वाचणार, विचारलं.

"हेच. दुभाष्यानं काय केलं, आणि मी काय केलं. ऐकून चार दिवस ठेवतील की कापतील, त्यांनाच माहीत."

मी बोलत गेलो गरिबांच्या बाजूनं, आणि कापायची कात्रीही मीच आणून दिली त्यांच्या हातात.

निघताना म्हणाले, "मला सांगितलंस. सु.ला सांगितलंस का, ती बाई तिची वाट बघतेय म्हणून?"

८ ऑक्टोबर

तीन दिवस दवाखान्याच्या गेटापर्यंत जाऊन परत आलो. आज ती बाहेरच भेटली. माफी मागायची जुळवणी करून गेलो होतो, तोंडातून एवढंच निघालं, "काकीला तुझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. मी सांगितलं न्हाई."

सु. बोटांवर दिवस मोजायला लागली. "आज आठ तारीख आहे."

"व्हय."

"उद्या पहिली गाडी कितीची?"

९ ऑक्टोबर, तांडा

हिंगोली, सेनगाव, साखरा. गाड्या बदलत आलो. सेनगावला मी केळी घेतली. तिनं तिची वेगळी घेतली.

काकीनं तिला आत घेतलं, दार लोटलं. मी म्हशीपाशी. आतून सु.ची मोडकी बोली ऐकू येत होती, मीच शिकवलेली. काकी मध्येच हसली.

सु. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"काय झालंय?"

"तुला सांगू नको म्हणालीये. बायकांचं आहे. नांदेडला दाखवायला हवं, लवकर. डोक्यावर मोळी घ्यायची नाही, एकसुद्धा. तिला त्या दिवशी एवढंच विचारायचं होतं, यंदा तोडीला जाऊ का."

"मग सांगितलंस ना, जाऊ नको म्हणून?"

"सांगितलं. ती म्हणाली, कोयता अर्धा होत नाही बाई."

खरंय. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. काकी न्हाई गेली तर काकाबरोबर मंगल जाणार. काकीची पोरगी, नववीत आहे.

सु. दगडावर बसली. "म्हणजे मी विश्रांती लिहायची आणि मोळी मंगलच्या डोक्यावर जायची. त्या चष्मेवाल्यापेक्षा मी वेगळं काय लिहिलं?"



१० ऑक्टोबर

रात्री डोळा लागला न्हाई. सकाळी काकाला म्हणालो, मी येतो. मंगल नको, काकी नको. दोन गड्यांचा कोयता धरा म्हणावं.

काका पोट धरून हसला. "तू? पयल्याच फडात मुकादमाच्या अंगावर जाशील. मग मी तुझी मोळी बांधू का तुझी भांडणं सोडवू?"

"न्हाई भांडणार."

"जीपवाल्याला विचारू का?"

सु. दुपारच्या गाडीनं निघाली. स्टँडवर तिला सांगितलं, मी तोडीला जातोय. वाटलं, काहीतरी म्हणेल. माझ्या हातांकडं बघितलं तिनं. गोळ्या मोजणारे हात.

"कॉलेज सोडलंस तशी तोड सोडू नकोस."

गाडी हलली तेव्हा हापश्यावरचं बोलणं आठवलं. त्याची माफी राहिलीच. खिडकीपर्यंत धावलो, तोवर कंडक्टरनं काच ओढली होती.

१४ ऑक्टोबर

उद्या दसरा. ट्रक परवा पहाटे.

सरांचा निरोप आला, ट्रस्टींची बैठक पुढं ढकलली. सु.नं नांदेडच्या बाईडॉक्टरांच्या नावानं बंद पाकिटात चिठ्ठी पाठवली, काकीसाठी. पाकिटावर काकीला आमच्या बोलीत एक ओळ, देवनागरीत लिहिलेली, दोन चुका. मला एक शब्द न्हाई. ओळ काकीला वाचून दाखवली. या वेळी आहे तेवढीच. वर एक अक्षर घातलं न्हाई.

काका मुकादमाशी बोलून आला. मुकादम म्हणे, पोरगा कच्चा आहे, ट्रकपाशी आल्यावर बघू. मंगल शाळेत गेली होती आज. दप्तर घेऊन आली, खुंटीला लावलं.

माझी वळकटी बांधून झाली. काकाची झाली. काकीकडं गेलो तर तिनंही तिची बांधून दारापाशी ठेवलेली.

"काकी, तू नांदेडला जाणार ना?"

"जाईन की."

"मग ही कशाला?"

"बांधून ठेवायला काय जातं," म्हणाली, आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.