मऊ राहिलेल्या पुड्या

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तुम्हा दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. डाव्या कानाने राजीनामा दिलाय, उजवा अजून कामावर येतो. जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला. आपलं खालचं पुस्तकबांधणीचं दुकान ज्याला भाड्याने दिलंय तो किल्लीवाला दिवसभर कानस घासत बसतो, पण एका कानाने ऐकलं की तेही सोसवतं. पुस्तकं दाबायचा बाबांचा लोखंडी प्रेस त्याने कोपऱ्यात तसाच राहू दिलाय. त्यावर चहाचा कप ठेवतो.

आई फोन सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. कानाचं कारण आहेच. दुसरंही आहे, ते पुढे येईल.

तू लिहिलंयस की बाबांच्या सिगारींसाठी विजेवर चालणारं छोटं कपाट मागवलं आहेस, त्यात ओलावा आपोआप राखला जातो आणि महिनाअखेर ते इथे पोचेल. ‘आता ओलाव्याच्या पुड्यांची कटकट कायमची संपली, आई.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी माया कळते मला. पण ते कपाट पाठवू नकोस. मागणी रद्द होत असेल तर पत्र मिळताच कर.

एक तर जागा नाही. पलंग आणि पुस्तकांची मांडणी यांच्यामधून मीच तिरकी होऊन जाते. त्यात वीज सारखी जाते. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “माणसाचा पंखा धड फिरत नाही आणि विड्यांना गार कपाट?”

“विड्या नाहीत हो त्या.”

“बरं, श्रीमंताघरच्या विड्या.”

ही कारणं खोटी नाहीत. पण खरं कारण यांत नाही.

तुला ठाऊक आहे, मी वाचायला शिकले ती बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या सुट्या फर्म्यांवर, छापील पानांच्या न शिवलेल्या घड्यांवर. शिवण घालताना जो फर्मा हाताशी येईल तो वाचायचा. कितीतरी गोष्टींचे शेवट मी वाचले आणि सुरुवात कधी मिळालीच नाही. म्हणून असेल, सुरुवातीपासून सरळ सांगणं मला अजून जमत नाही. तरी सांगते.

पहिल्या पगारातून तू ती सिगारींची पेटी पाठवलीस, तेव्हा बाबा तुझ्याशी बोलत नव्हते. दुकान तू चालवणार नाहीस, बाहेरदेशी जाणार, हे त्यांना पचलं नव्हतं. पार्सल त्यांनी आठवडाभर फोडलं नाही. मग रविवारी मागच्या गॅलरीत बसून एक सिगार ओढली, अगदी शेवटपर्यंत, बोटाला चटका बसेस्तोवर. म्हणाले, “पोरीला अक्कल नाही, पण पारख आहे.”

मी म्हटलं, “हे तिला लिहा की.”

“लिहायचं काय त्यात? उरलेल्या ती आली की. तिच्यासमोर बसून ओढीन आणि काय बोलायचं ते बोलीन.”

पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर दुसरी काढली नाही. अधूनमधून पेटी उघडायचे, आतली ओलाव्याची पुडी चामडं चाचपावं तशी अंगठ्याने दाबून बघायचे आणि म्हणायचे, “अजून मऊ आहे.” म्हणजे वेळ आहे अजून.

वेळ नव्हता. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू रडली नाहीस. पेटी उघडलीस आणि मला विचारलंस, “एकच ओढली?” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. निघताना दारात उभं राहून तू मला समजावलंस, की हवा कोरडी झाली की पुडी ओल सोडते, जास्त झाली की परत शोषून घेते, आणि ती कडक झाली की संपली. पाणी कधी लावायचं नाही. “या सुकू द्यायच्या नाहीत, आई. पुड्या मी पाठवत जाईन.”

पहिल्याच वर्षी पुडी बिस्किटासारखी कडक झाली आणि नवीन काही येईना. तुला फोनवर आठवण करून द्यायचा मला संकोच वाटला. मग मी बांधणीवालीच्या डोक्याने चालले. चामडं आवळलं की बाबा त्यावर ओलं फडकं टाकायचे, सकाळी ते लोण्यासारखं व्हायचं. मी फडकं घट्ट पिळलं आणि पेटीत ठेवलं. काही दिवसांनी झाकण उघडलं तर सगळ्या सिगारींवर पांढरी लव. पुसून पाहिल्या, खिडकीत वाळवल्या. भिंतीला ओल येते तसा वास येत राहिला. शेवटी पुस्तकाच्या अस्तराच्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिल्या.

त्याच आठवड्यात तुझं पार्सल आलं. पुड्या, आणि त्यांत एक चिठ्ठी. ‘उशीर झाला. बाबांना सांग, रागावू नका.’

ते गेल्यापासून ‘बाबा’ हा शब्द तुझ्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी जिन्यातच बसले. आता तुला काय कळवायचं? पुन्हा उशीर झाला, असं? तो ‘पुन्हा’ मला तुला ऐकवायचा नव्हता. फडकं माझं, हात माझा, हे आता तरी नीट वाच आणि काही स्वतःवर घेऊ नकोस.

टाचणे, पेटी रिकामी आहे. गेली चार वर्षं.

तरी मी दर वेळी तुला सांगत राहिले की पुड्या कडक झाल्या. आणि पार्सलं येत राहिली. ‘बाबांना सांग, इथे बर्फ पडलाय.’ ‘बाबांना सांग, मला बढती मिळाली.’ ‘बाबांना सांग, मी हाताखालच्या पोरांवर अगदी त्यांच्यासारखी खेकसते.’ मी पेटी उघडून मोठ्याने वाचून दाखवायची. माझ्यासाठी शेवटी एवढंच असायचं, ‘मिळालं की कळव.’ तेवढंही मला पुरायचं.

खरं तर त्यानंतर एकही पुडी कडक झाली नाही. रिकाम्या पेटीत त्यांना कोणाला काही द्यायचं नसतं, म्हणून त्या मऊच राहतात. बाकीच्यांनी खण भरलाय, त्या फोडल्यासुद्धा नाहीत.

शिंपीणबाईंना हे माहीत आहे. एकदा म्हणाल्या, “रिकाम्या पेटीचा एवढा पाहुणचार कशाला? मुलीला सरळ ये म्हणावं.”

मी म्हटलं, “ये म्हटलं की ती पुढच्या वर्षी म्हणते. पुड्या महिन्यात येतात.”

यावर त्या हातातलं काजं करत राहिल्या.

तुझं कपाटाचं पत्र आल्यावर काल मी बाजारात त्या मोठ्या दुकानात गेले होते. म्हटलं, नव्या सिगारी घेऊन पेटी भरून टाकावी, तुला कशाला कळतंय. दुकानदाराने अदबीने विचारलं, “कोणत्या हव्यात, आजी?” आणि मला बाबांच्या सिगारींवरच्या कागदी पट्टीचा रंगसुद्धा आठवेना. ज्या वस्तूच्या नावाने इतकी वर्षं तुझ्याकडे मागत आले, ती कशी दिसायची हेच मी विसरले. काही न घेता परत आले.

कपाट आलं असतं तर मी ते चालूही केलं असतं आणि फोनवर म्हटलं असतं, छान चाललंय हो. फोनवर मला खोटं पटकन जमतं. कागदावर हात अडतो. म्हणून हे पत्र.

बाबांचं म्हणून तू एवढंच एक राखत होतीस, आणि तेही आज मी तुझ्याकडून काढून घेतलं. ते मला कळतं. राग येईल, तो येऊ दे. मला समजावत बसू नकोस.

पाकिटात एक पुडी घातली आहे. त्या उशिरा आलेल्या पार्सलातली, रिकाम्या पेटीत ठेवलेली पहिली. कडांना आवळली आहे, पण मधे अंगठ्याने दाबून बघ. अजून मऊ आहे.

यापुढे पाठवू नकोस. तुझ्याकडे मागण्यासारखं आता माझ्याजवळ काही उरलेलं नाही, आणि काही मागितल्याशिवाय तुला लिहिलेलं पत्र कसं संपवायचं, ते मला येत नाही.

तुझी,
आई