हेक्टरकाकांना न पटणारा पियानो

केप ब्रेटन, जुलै

प्रिय एफीताईस,

धाकट्या रॉडीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? बॉस्टनच्या उकाड्यात दुखत नसेल, पण आपल्या धुक्याची आठवण तरी काढत असेल. इकडे सगळी ठीक आहेत. ठीक नव्हता तो पियानो.

आपल्या गावच्या हॉलमधला जुना पियानो (आवाज दणदणीत यावा म्हणून तू ज्याची खालची फळी काढलीस आणि त्या फळीचा पुढं चहाचा ट्रे झाला, तोच) हिवाळ्यात ओल लागून गेला. चौघांनी उचलला तर तळ जागेवरच राहिला. कमिटीनं विजेवरचा आणला आणि तो गळ्यात पडला माझ्या. त्यात पियानोचे चाळीस आवाज आहेत, आणि धड एकही नाही. पहिल्या शनिवारी मी मोठ्या सभागृहातला राजेशाही आवाज लावला, तर लोक नाचायचं सोडून अदबीनं उभे राहिले. हेक्टरकाकांनी हनुवटीखालचं फिडल काढून मांडीवर ठेवलं. "रॉडी मेल्या, यात जीव नाही रे!"

पुढच्या शनिवारी घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि ऐन नाचात चर्चमधलं समूहगान सुरू झालं. फ्लोराबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली, पोरं हसून लोळली. काका मात्र ढिम्म, वाजवतच राहिले. (याला म्हणतात कलावंत! माझे तर डोळे भरून आले.) नंतर म्हणाले, "छे, जीवच नाही. असंच चालणार असेल तर मी आपला घरी बसतो." आता काका घरी बसले तर शनिवारचा नाच संपलाच गं, दुसरा फिडलवाला उरलाय कोण?

मग आठवडाभर खपून मी एक आवाज शोधला. थोडा बेसूर, थोडा बसका, हातोड्यांच्या खडखडाटासकट. डोळे मिटले तर शेजारी तूच वाजवत बसल्यासारखी वाटलीस. फार आठवण आली तुझी, खरंच सांगतो. काकांना ऐकवला. "जीव नाही!" माझं डोकंच फिरलं. स्पीकर स्टँडवरून काढला, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टेजच्या फळ्यांवर आडवा टाकला आणि डावा हात खर्जाच्या पट्ट्यांवर आपटला. काकांची टाच हलली. "आला! आला रे आपला म्हातारा पियानो!" त्या शनिवारी नाचात त्यांनी कुणाला खाली बसू दिलं नाही. तेव्हापासून मी गावभर माझ्या कानाची तारीफ करत फिरतोय.

तुझा,
रॉडी

ता. क. काल काकांच्या घरी मोरागकाकूंनी ओटकेक पुढ्यात ठेवता ठेवता सांगितलं, की दोन वर्षं झाली, काकांना जवळजवळ ऐकूच येत नाही. बोलणं ओठांवरून ओळखतात, फिडलची थरथर हनुवटीला लागते आणि पियानोची फळ्यांतून तळपायाला. चाळीस आवाजांतला कुठलाही लावला असता तरी चाललं असतं. गावात कुणाला कळवू नकोस.

आणखी एक. खरं तर पत्र यासाठीच लिहिलंय. मी काकांसमोर उभा राहून विचारलं, आता जमलं ना? म्हणाले, "जमलं. पण तू घाबरत वाजवतोस. एफी बसायची तेव्हा माझी खुर्ची सरकायची." मग म्हणाले, "कान गेले. पाय आहेत तोवर ये म्हणावं तिला."