तेवीस नंबरच्या बेसबद्दल माझा खरा अभिप्राय

मी, बलभीम ज्ञानोबा गवाड, वय ६९, राहणार बेंबळी, ता. जि. धाराशिव, धंदा शेती आणि त्याहून मन लावून ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणं, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून लिहूनही घेतलेलं नाही. घरात गोड बोलणारी एकच होती, माझी पत्नी कमलबाई, ती सहा वर्षांपूर्वी गेली. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्या माघारी वाटणी खालीलप्रमाणे व्हावी.

१. बेंबळीचं राहतं घर माझी मुलगी अर्पिता हिला द्यावं. माझा मुलगा कुलदीप याच्या मनाला ते लागेल, पण लागू दे. कमल अंथरुणाला खिळली तेव्हा अर्पिता लातूरची नोकरी सांभाळून दर शनिवारी यायची आणि आईचे केस धुऊन द्यायची. कुलदीप फोन करायचा. फोनचंही बरं वाटतं, नाही असं नाही, पण फोननं केस धुता येत नाहीत.

२. गावाच्या वरच्या अंगाची जमीन, विहिरीतल्या हिश्श्यासह, कुलदीपला द्यावी. पोरगा कष्टाळू आहे, कान तेवढा देवानं दिला नाही. माझ्या बेसला तो आजही 'डुगडुग' म्हणतो. लग्नाच्या मांडवात बेस थांबला की काहीतरी कमी झालं हे वाढप्यालाही कळतं, पण काय कमी झालं ते कुणालाच सांगता येत नाही. कुलदीपला मी हे कैक वेळा समजावलं. त्यानं बांधावरची चिंच तोडू नये, एवढीच अट आहे.

३. बँकेतली ठेव दोघांनी सारखी घ्यावी. कमलचं शिलाई मशीन अर्पितानं न्यावं. ते जड आहे म्हणून जावई कुरकुर करतील, तर करू द्यावी.

४. माझा अॅम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा डबा, ढोकीचा योगीराज याला द्यावा. योगीराज माझ्या हाताखाली शिकला, आता माझ्यापेक्षा बरा वाजवतो. अॅम्प त्यानं चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेलेला आहे, त्यामुळे वारसांना पोचवायची तोशीस नाही.

५. अंत्ययात्रेत बँजो पार्टी लावू नये. हल्ली ते लोक बेस कीबोर्डवर वाजवतात. मेल्यावर तरी मला ते ऐकायला लावू नका. स्टेजचा लाल जरीचा कोट कुणाला मागायची लाज वाटत नसेल त्यानं न्यावा.

६. आता ज्यासाठी हा कागद केला ते लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, तात्या, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते. मी म्हणालो, साहेब, बाकीची पाच कलमं तुम्ही काढून टाका, हे राहू द्या.

अणदूरचा गौरीशंकर माझा मित्र. तो हातानं बेस गिटार करायचा. एका वेळी एकच, सागवानाचा, नेक म्हणजे तारांखालची दांडी शिसवाची, मागं डागून घातलेला नंबर. वर नाव 'गौरी', पण सोलापूरपासून लातूरपर्यंत वाजवणारे त्याला 'अणदुरी'च म्हणायचे. गौरीशंकरचा एक नेम होता. बेस तयार झाला की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तीन बेसवाल्यांना बोलवायचं, वाजवायला लावायचं आणि वहीत अभिप्राय लिहून घ्यायचा. चांगला वाईट जो असेल तो. तिसरा अभिप्राय नेहमी माझा.

त्या वहीतलं मला पाठ आहे. नळदुर्गच्या माणिकप्पानं लिहिलं होतं, "आवाज खाली बसतो, ढोलकीला आडवा येत नाही." योगीराजनं लिहिलं, "वजन लई. दोन तासांत खांदा उतरतो. तरी परत द्यावा वाटत नाही." सोलापूरच्या एकानं लिहिलं की परदेशी कंपनीचा घेतला होता तो विकला, हा ठेवला. मी मात्र पानभर लिहायचो. नेक हातात कसा बसतो, त्यावरच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घराच्या पुढं आवाज कसा फुलतो, सगळं. गौरीशंकर माझं पान दोनदा वाचायचा आणि पुढच्या बेसमध्ये ते करायचा. चार नंबरचा बेस त्यानं माझ्यासाठी केला, तो आजही माझ्याकडं आहे.

डिसेंबर २०१३. अणदूरचा देव दरवर्षीच्या नेमाप्रमाणे नळदुर्गला मुक्कामी गेला होता, अणदुरात शुकशुकाट होता. तेवीस नंबर तयार झाला होता आणि हैदराबादच्या एका वाद्यांच्या दुकानवाल्यानं सांगून ठेवलं होतं की हा पसंत पडला तर आणखी दहा सांगतो. माणिकप्पा आणि योगीराजनं झकास म्हणून लिहिलं. मग मी बसलो. तिसऱ्या तारेवर, पाचव्या घरात, तिसऱ्या बोटानं दाबलं की खरखर यायची. परत दाबलं, परत खरखर. दुकानवाला समोर बसलेला. गौरीशंकरनं विचारलं, नक्की का रे? मी म्हणालो, तीस वर्षं वाजवतोय, मला विचारतोस? आणि वहीत लिहिलं, "तिसऱ्या तारेला खरखर. घेऊ नये." बाकीचे दोघं गप्प बसले, कारण मी मोठा. दुकानवाला चहा पिऊन गेला तो गेलाच.

तीन आठवड्यांनी घरी माझ्या चार नंबरवर, त्याच तारेला, त्याच घरात खरखर आली. तो बेस मी वीस वर्षं वाजवत होतो. दुसऱ्या बोटानं दाबलं तर साफ. मी कमलकडं बघितलं, ती शेंगा फोडत होती. ती म्हणाली, बोट वाकडं पडतंय तुमचं, मला दिवाळीपासून दिसतंय. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत नस दबली आहे, डाव्या हाताच्या त्या बोटाचा जोर कमी होत जाणार. तार पुरती दाबली गेली नाही की खरखरतेच. नव्या पोरालाही हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मला माझ्यावर शंका घ्यायची नव्हती.

कमल म्हणाली, आजच्या आज गौरीअण्णाला सांगा. मी उद्या म्हणालो. बोट गेलं हे कळलं असतं तर मला कार्यक्रमाला कुणी बोलावलं नसतं. मी त्या बोटाला सुट्टी देऊन आणखी सहा वर्षं वाजवलं आणि कुणाला कळू दिलं नाही. गौरीशंकरनं मात्र माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं दोष शोधला. तेवीसचा नेक घासला, मग करून ठेवलेले सगळे नेक घासले, अकरा. नसलेला दोष सापडणार कुठून? दोनदा निरोप धाडला, बलभीमला म्हणावं दुरुस्त केलंय, येऊन बघ. मी गेलो नाही. अणदूरवरून जाताना एसटीत खिडकीकडं पाठ करून बसायचो. पुढं त्यानं हत्यारं गुंडाळून ठेवली आणि खुर्च्या, दरवाजे करायला लागला. कमल जाईपर्यंत विचारायची, सांगितलं का हो? तिला खोटं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी उठून बाहेर जायचो.

आता त्याची मुलगी शिवप्रिया पुण्याहून काम शिकून आली आहे. तिनं चोवीस नंबर केला आणि फोटो बेसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "बलभीम तात्यांनी नापास केलेला ब्रँड ना हा?" त्याखाली अंगठेच अंगठे. मी मोबाईलवर खरं काय ते टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. पोरीचा बेस कुणी हातात घेईना.

म्हणून जाहीर करतो की तेवीस नंबरचा बेस निर्दोष होता. दोष माझ्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात होता. माझ्या मृत्यूनंतर हे कलम ग्रुपवर टाकावं. चार नंबरचा बेस शिवप्रियाला द्यावा. वडिलांच्या हातचा, न घासलेला नेक हाताशी तेवढाच उरला आहे, तिला मापं घेता येतील.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं. पुढचं आज रविवारी लिहितो.

७. गुरुवारी मी हा कागद घेऊन अणदूरला गेलो. साक्षीदार म्हणून गौरीशंकरची सही हवी होती. साक्षीदारानं आतला मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही, पण मी वाचायला दिला. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं, खरं कारण हेच.

तो चष्मा लावून सहावं कलम वाचत होता तेव्हा मी रंध्याखाली पडलेल्या सालपटांकडं बघत होतो. वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"अकरा नेक घासले म्या," तो म्हणाला. "प्रत्येक नेकाला मला वाटायचं, बलभीम खोटं न्हाय बोलणार, माझाच हात चुकलाय. आता तू लिहितोस, मेल्यावर सांगा. मग पोरीनं तोवर काय करायचं? तू मरायची वाट बघायची व्हय?"

मला रडू आलं, ते लिहून ठेवतो. तो उठून आत गेला आणि मी तसाच एसटी धरून बेंबळीला आलो. सही झाली नाही.

शुक्रवारी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, रविवारी अकरा वाजता अणदूरला गौरीशंकरकडं या, माझा एक अभिप्राय चुकला आहे. या वेळी पुसलं नाही. आज नऊ जण आले. शिवप्रियानं चोवीस नंबर माझ्या हातात दिला. मी तिसऱ्या तारेवर, पाचव्या घरात, तिसरं बोट ठेवलं आणि वाजवलं. खरखर. तसाच बेस योगीराजच्या हातात दिला, म्हणालो, तिथंच दाब. त्यानं दाबलं. भरलेला, गोल, साफ आवाज आला. तीनदा वाजवायला लावलं. मग मी सगळ्यांना बोट दाखवलं आणि दोन हजार तेरा सालचं सगळं सांगितलं. योगीराज खाली बघत होता. म्हणाला, तात्या, मला त्या दिवशी साफ ऐकू आलं होतं, बोलायला जीभ उचलली नाही. एकजण उठून गेला, त्याचं काही चुकलं नाही.

शिवप्रिया रागावलेली होती, आणि असावंच. पण सगळे चहाला गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, माझं बोट हातात घेऊन दाबून बघितलं आणि म्हणाली, "तात्या, तारा नेकाजवळ खाली घेतल्या तर बोटाच्या एवढ्याच जोरावर साफ वाजतंय का बघू?" मी म्हणालो, माझ्यासाठी काही करू नकोस. ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही, असं बोट झालेले आणखी असतील की.

गौरीशंकरनं आतून वही काढून माझ्यापुढं ठेवली. माझ्या जुन्या दोन ओळींवर मी रेघ मारली नाही. त्या तशाच राहाव्यात. त्याखाली आजची तारीख घालून पानभर लिहिलं, पहिल्यासारखं. चार नंबरचा बेस शिवप्रियाच्या हातात दिला. तेव्हा सहाव्या कलमातलं ग्रुपवर टाकणं आणि बेस देणं ही दोन्ही कामं हयातीतच झाली, वारसांनी त्यात पडू नये. बाकी सगळी कलमं कायम. कमल, आज सांगितलं.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण : अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) बलभीम ज्ञानोबा गवाड

साक्षीदार

१. (सही) योगीराज, रा. ढोकी. बलभीम तात्यांनी माझ्यासमोर सही केली. अॅम्प उद्या आणून देतो.

२. (सही) गौरीशंकर, रा. अणदूर. बलभीमनं माझ्यासमोर, शुद्धीत, स्वखुशीनं सही केली. मी त्याला एकेचाळीस वर्षांपासून ओळखतो, मधली बारा वर्षं धरून.