पुतळीबाईंच्या अर्जातील बारा रकाने

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. पेण

दावा फेटाळला!

धरमतरच्या मिठागरावर राबणाऱ्या पुतळीबाई ऑगस्टमध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचा विमा प्रतिनिधी मी. अडीच वर्षांपूर्वी त्यांचा अर्ज मीच भरला होता. आज त्यांची मुलगी ऋतुजा कंपनीचे पत्र घेऊन आली. ‘विमाधारकाने तंबाखूसेवनाची माहीती हेतुपुरस्सर दडवली.’ ‘माहिती’तील ‘हि’ दीर्घ छापला आहे. मी तांबड्या पेन्सिलीने खूण केली.

“झाली चूक दुरुस्त, गुरुजी? आता ‘दडवली’ ते वाचा.”

मग म्हणाली, “माझी आय खोटी होती का, एवढंच सांगा.”

मी म्हणालो, प्रत्येक प्रश्न विचारल्याखेरीज मी रकाना भरत नाही. ती चहा न घेता उठली.

१२ नोव्हेंबर

सकाळी मिश्री भाजल्याचा वास. तव्यावर तंबाखू करपतो, तोच. सुनेला, दिपिकाला, विचारले. “बाबा, आपल्याकडे कोण लावतंय मिश्री?” खिडकीतून पाहिले. बाहेरही कोणी नव्हते.

१५ नोव्हेंबर

पुन्हा तोच वास. सलग चौथा दिवस.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावोगाव एकच गोष्ट सांगत आलो – सोने नंतर, मुदत ठेव नंतर; ज्याच्या हातांवर घर उभे आहे, त्याचा विमा सर्वांत आधी. पुतळीबाईंच्या घरी सगळ्यांचे म्हणणे, विमा नवऱ्याचा, कान्हूचा काढा, तो पुरुष. परंतु मिठाच्या पाट्या वाहून कान्हूची कंबर केव्हाच गेलेली. मी म्हणालो, घर चालवता तुम्ही, तेव्हा विमा तुमचा.

कान्हू हसला होता. “ऐकलंस गो? तू मेलीस तर माजं वाटोळं, नि मी मेलो तर कुनाचं काय जात नाय!”

“मग बरोबरच बोलतात गुरुजी,” पुतळीबाई म्हणाल्या होत्या.

नियोजन म्हणून त्यात एकही चूक नव्हती. आजही काढता येणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचा तपास अधिकारी येऊन गेला. ऋतुजाने तक्रार केली आहे. त्याने अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली. आरोग्याचे बारा प्रश्न. बारा रकान्यांत बारा ‘नाही’. सर्व एका उंचीचे, एका वळणाचे. नववा प्रश्न तंबाखूचा.

“छापल्यासारखं अक्षर आहे हो, सर!”

मग त्याने सरळ सांगितले. मी विचारले आणि त्या नाही म्हणाल्या, असे असेल, तर फाइल बंद. मी विचारलेच नव्हते, असे लिहून दिले, तर दावा पुन्हा उघडेल. “पण मग तुमचं...”

अपुरी वाक्ये मला खपत नाहीत. मी पूर्ण केले – “माझे नाव जाईल.”

शुक्रवारपर्यंत मुदत.

१९ नोव्हेंबर

आज वास नाही. ओट्यावर मात्र अनवाणी पावले उमटलेली. वाळून कडेने पांढरी झालेली. दिपिका म्हणते, बोअरचे पाणी खारे आहे, तिचीच पावले. असतील. तिची पावले इतकी रुंद नाहीत.

२० नोव्हेंबर. रोहा

वरसे येथे ऋतुजाच्या खोलीवर गेलो. ती धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्टमध्ये. आई आजारी पडली तेव्हा नर्सिंगचे दुसरे वर्ष अर्धवट सुटले. कान्हू भिंतीकडे तोंड करून निजला होता. माझा आवाज ऐकून वळला.

“जबडा काढल्यावर ती बोलत नव्हती, गुरुजी. पाटीवर लिवायची. शेवटाला लिवलंन, ‘गुरुजींना विचार’. काय विचारू, ते नाय लिवलंन.” मग कोपरावर रेलत म्हणाला, “तुमाला ठाव हाय का?”

मी नाही म्हणालो.

ऋतुजा दारापर्यंत आली. “पैसे आले तर कॉलेजात परत जाईन. नाय आले तर शिफ्ट हायच. पन तेवढा ‘दडवली’ शब्द काढायला लावा, गुरुजी. मेलेल्या मानसाला उत्तर देता येत नाय.”

एस.टी.त शेजारची जागा पेणपर्यंत रिकामी राहिली. गाडीत माणसे उभी होती!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहून दिले. ‘मी विमाधारकास आरोग्यविषयक प्रश्न विचारले नाहीत. बाराही उत्तरे मी सवयीने, स्वतःच लिहिली. यात विमाधारकाचा कोणताही दोष नाही.’

अधिकारी म्हणाला, “सर, असं कोणी लिहून देत नाही.”

येथेही नोंदवून ठेवतो – मी विचारले नव्हते.

६ डिसेंबर

एजन्सी रद्द झाल्याचे पत्र आले. वाण्याच्या दुकानात मला पाहून दोघे बोलायचे थांबले. नमस्कार मात्र केला.

१६ जानेवारी २०२६, शुक्रवार

दावा मंजूर! पाच लाख. ‘दडवली’ हे विधान कंपनीने लेखी मागे घेतले. ऋतुजा पेढे घेऊन आली. पाया पडली. “सगळ्या पेन तालुक्यात तुमच्यासारखा खरा मानूस नाय, गुरुजी!” दिपिकाने डोळे पुसले. मी पेढा न खाता ताटलीत ठेवला. दोघींना वाटले, मन भरून आले.

१७ जानेवारी

मी विचारले होते.

मिठागराच्या बांधावर, २९ मार्चला. नवव्या प्रश्नाला पुतळीबाई म्हणाल्या, “व्हय गुरुजी, मिश्री लावते. चारदा. तसं लिवा.” तसे लिहिले असते, तर डॉक्टरी तपासणीसाठी पनवेलला जावे लागले असते, आणि महिना तेथेच संपला असता. माझ्या वर्षाच्या उद्दिष्टाला एक अर्ज कमी होता.

“लिवलंत ना?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “लिहिले.”