तांब्यात मनुकांचं सरबत होतं

मी, एझ्रा शिमशोन वाकरुळकर, वय सत्त्याहत्तर, धंदा नाटके लिहून लोकांच्या शिव्या खाणे, धर्माने यहुदी, बेने इस्राएल, राहणार सातारा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अशा कागदावर 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' असे लिहायची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. दडपण आहे, फक्त ते हे लिहू नये म्हणून आहे. गेले आठ दिवस समोरच्या रसवंतीपाशी एक पांढरी गाडी उभी असते आणि आतला माणूस रस पीत नाही.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. भरतेश यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ठेवण्याजोगे फार नव्हते, आणि जे होते ते लिहायची छाती नव्हती.

कलम १. साताऱ्यातले माडीवरचे दोन खोल्यांचे घर पुतण्या इलियाझ यास. तो इस्राएलात अश्दोदला असतो आणि दर सणाला फोन करून सांगतो, काका, विका आणि इकडे या. विकायचे ते त्याने विकावे. मात्र दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे देववचनाची छोटी डबी, माझ्या आईने बसवलेली, त्याने स्वतः येऊन स्वतःच्या हाताने काढावी. घर घेणाऱ्याच्या सुताराकडून काढवली तर मी त्याला माफ करणार नाही.

कलम २. मला पुण्याला आमच्या दफनभूमीत पुरावे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. 'गोरे आणि काळे' हे माझे पहिले नाटक आमच्याच लोकांवर होते. एकाच देवाची लेकरे एकमेकांच्या भांड्यात कशी जेवत नसत, ते मी त्यात मांडले. त्यानंतर प्रार्थनालयात तीन वर्षे मला कोणी शालोम म्हटले नाही. तेव्हा दहा जमतील याची खात्री नाही. कमी पडले तर माझ्या नाटकमंडळीतले उरलेले उभे करावेत. न कळणारे संवाद पाठ म्हणायची त्यांना सवय आहे. पुरोहित हरकत घेईल, घेऊ द्या.

कलम ३. कपाटात नऊ नंबरची एकच चप्पल आहे. माझ्या फौजी पेन्शनरांवरच्या नाटकात ती साताऱ्यातल्या एका सुभेदारांनी रंगमंचावर भिरकावली होती. 'या लेखकाला मराठी मातीचा वास नाही' असे लिहिणाऱ्या सांगलीच्या समीक्षकांना ती पोचवावी. माझे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. चपलेला अजून माती आहे. वास घेऊन पाहावा.

कलम ४. खाटेखालची पत्र्याची पेटी आणि माझ्या सर्व नाटकांचे हक्क संयोगिता नाथाजी, राहणार कुंडल, हिला. ती माझी नात्याने कोणी नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कारण लिहितो. बाकीची कलमे नाही वाचली तरी चालतील, हे वाचावे.

नाथाजी हा फौजेतून निवृत्त झालेला, माझा सगळ्यात चांगला नट. 'नंदीची साक्ष' या नाटकात तो नंदीबैल होई. नंदीवाला विचारी, गावचं गायरान जनावरांनी खाल्लं का? बैल मान हलवून नाही म्हणे. मग कुणी खाल्लं? तेव्हा बैलाला वाचा फुटे आणि तो एक नाव घेई. संहितेत तिथे मी गाळलेली जागा ठेवली होती. ज्या गावी प्रयोग, तिथल्या टपरीवर दुपारी बसून मी नाव काढून घेई आणि चिठ्ठीवर लिहून नाथाजीला देई. लोक पोट धरून हसत. नाव आलेला माणूसही हसे, कारण न हसला तर चोर ठरे.

१२ फेब्रुवारी १९९३, शुक्रवार. कृष्णाकाठचे एक गाव. त्या टपरीवर कोणी नावच घेईना. मला तेव्हाच कळायला हवे होते. शेवटी एक म्हातारा पुटपुटला, "लालासाहेब," आणि अर्धा चहा टाकून उठून गेला. मला वाटले, घबाड मिळाले. केवढा हा माज!

मी धर्माचे फारसे पाळत नाही, पण आईला दोन वचने दिली होती. शुक्रवारी दिवस मावळताना मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा, आणि शनिवारी लेखणीला हात लावायचा नाही. आमच्यात दारूच्या जागी काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करतात. शाळेच्या वर्गात रंग लावता लावता मी आशीर्वाद म्हटला आणि सगळ्यांना घोट घोट दिला. नाथाजी म्हणाला, "सर, तुमचा देव लय गोडघाशा हाय." उरलेले त्याने आपल्या तांब्यात ओतून घेतले.

बैलाने नाव घेतले तेव्हा कोणीही हसले नाही. लालासाहेब पहिल्या रांगेत होते, ते एकटेच हसले.

प्रयोगानंतर त्यांची दोन माणसे जीप घेऊन आली. नाथाजीचा सत्कार करायचाय म्हणाली. नाथाजीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "जा की, मान आहे." तो तांब्या घेऊन गेला. सकाळी तो विहिरीत सापडला आणि तांब्या काठावर.

सरबत रात्रभरात आंबले होते. पंचनाम्यात लिहिले गेले, 'तांब्यात मद्यासारख्या वासाचा द्रव. इसम नशेत घसरून पडला.' लालासाहेब म्हणाले, पंच नाटकवालेच घ्या, म्हणजे मागाहून कोणी शंका काढणार नाही. मी आणि आमचा ढोलकीवाला बाळासो. मला ठाऊक होते तांब्यात काय आहे ते. मीच केले होते, माझ्या देवाचे नाव घेऊन. तरी मी सही केली, लालासाहेबांच्या पेनने, शनिवारी. मंडळीच्या काळजीपोटी केली असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. खोटे आहे. मी भ्यालो होतो.

कुंडलला नाथाजीच्या बायकोने, रंगूबाईने, तो कागद माझ्यापुढे धरला. "आवं सर, ह्ये तुमी लिव्हलंय?" मी म्हटले, सही माझी आहे. त्यानंतर तिने मला उंबरा ओलांडू दिला नाही. एकोणीस वर्षे ती दारुड्याची बायको म्हणून जगली आणि तशीच गेली. त्याच नावाने तिच्या मुलीची, संयोगिताची, ठरलेली सोयरीक मोडली. मी मात्र पुढे अकरा नाटके लिहिली, सगळ्यांना झोडपले, आणि लोक मला निर्भीड म्हणत राहिले. लाज वाटते. हे आधी लिहायला हवे होते.

नाथाजीला कोणी ढकलले हे मी पाहिलेले नाही, म्हणून ते लिहीत नाही. पाहिले ते एवढेच, की तो प्यालेला नव्हता, त्याला कोणी नेले, आणि सही करताना पेन कोणाचे होते. पंचनाम्याखालची माझी सही मी या कागदाने मागे घेतो. पेटीत पंचनाम्याची नक्कल आहे, बैलाच्या कातड्यात राहिलेली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, आणि 'नंदीची साक्ष'ची संहिता आहे. गाळलेल्या जागी मी आता शाईने नाव लिहिले आहे. पहिला प्रयोग कुंडलला, शुक्रवारी करावा. आधी सगळ्यांना मनुकांचे सरबत द्यावे.

कलम ५. गेल्या रविवारी लालासाहेबांचा नातू साईराज पेढे घेऊन आला. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे आमंत्रण होते. मुलगा अदबशीर, पाया पडला. म्हणाला, जुनं नाटक छापताय असं कानावर आलं. मग दारातून वळून म्हणाला, "सर, वय झालं आता. जिना उतरताना जपत चला." पेढ्यांचा पुडा न उघडता ठेवला आहे, तोही पेटीसोबत द्यावा.

कलम ६. उद्या सोमवारी हे नोंदवायला मी आणि खालचे दोन साक्षीदार असे आम्ही तिघे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाणार आहोत. माझ्या जिन्याला बारा पायऱ्या आहेत. चाळीस वर्षे मी त्या अंधारातही चढतो-उतरतो. वाटेत, जिन्यावर, कुठेही मी घसरून पडलो असे कळले, तर पंचांनी लिहून घ्यावे, की एझ्रा वाकरुळकर प्यालेला नव्हता.

सही: एझ्रा शि. वाकरुळकर
सातारा, रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

वरील सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १: डॉ. भरतेश आदगोंडा पाटील, सांगली. (डॉक्टरांची मुलगी शिकायला एकटी राहते. मी म्हटले, नका करू सही. त्यांनी केली.)

साक्षीदार २: बाळासो, ढोलकीवाला, कराड. स्वतःच्या हाताने लिहितो की, १३/२/९३ ला पण सरांच्या खाली माझीच सही हाय. ती खोटी होती. ही खरी हाय.