गाडीत दम नाही, म्हणालात

आप्पा,

परवा काष्टीच्या बाजारात तुमच्या बरोबरीचा एक माणूस भेटला. कारखान्याच्या शेतकी खात्यात तुमच्यासोबत उसाच्या नोंदी करत हिंडायचा तो. मी गाडी स्टँडवर लावत होते. काठी टेकत जवळ आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, मी हेल्मेट काढेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आप्पा आस्ते तर ही थेरं चालू दिली नस्ती त्यांनी." एवढं बोलून मेथीची जुडी बघायला निघून गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या प्रत्येक गोष्टीवर तुमचं मत काय असतं हे गावाला तोंडपाठ आहे. नोकरी धरली तेव्हा हेच ऐकलं, केस कापले तेव्हा हेच ऐकलं. आणि माझा जीव जळतो तो वेगळ्याच कारणाने. तो म्हातारा खोटं बोलत नव्हता. तुम्ही खरंच चालू दिलं नसतं.

म्हणून लिहायला बसले आहे. गावातल्या माणसांशी भांडून काय उपयोग, ते तुमचेच निरोपे. भांडण तुमच्याशी आहे.

आपल्या वस्तीवरचं स्वयंपाकघर आठवा. चुलीच्या धुराने काळी पडलेली भिंत आणि तिच्यावर आईने खळीने चिकटवलेलं ते चित्र. कारखान्याचं कॅलेंडर यायचं, त्यातल्या एका महिन्यावर भंडारदऱ्याच्या धरणाचं चित्र होतं. वर्ष संपलं तसं आईने ते कापून भिंतीला लावलं. तिचं माहेर पाथर्डीकडचं, तिथे हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर ताटकळत बसायचं. तिला त्या चित्राचं भारी वेड. भाकरी थापता थापता मान वळवून बघायची आणि म्हणायची, "एवढं पानी एका जाग्याव. डोळ्यानं बघावं एकदा." दर वर्षी दिवाळी झाली, गडबड सरली, की ती तुमच्या ताटात भाकरी वाढताना विचारते, "आवंदा जायचं का भंडारदऱ्याला?" आणि तुम्ही वर न बघता कालवणात भाकरी कुस्करता. "गाडीत दम न्हाई. डबलसीट घाट चढायची न्हाई ती." झालं. विषय संपला. आई तव्यावरची भाकरी उलटते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला वाटायचं, ही बाई किती भोळी आहे.

नववीत असताना एकदा मी मध्येच बोलले. म्हटलं, "मी शिकते की गाडी. तुमी एष्टीनं या, मी आईला हळूहळू नेते." दादाला तुम्ही आठवीतच कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती, स्वतः मागे बसून, खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, आता माझी पाळी. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "बाईमानसानं गाडी चालवायची म्हंजे काय घरातला गडी मेला का?" आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. आई चुलीपुढून उठली नाही. दादा हसला.

आता ह्याचं काय करायचं सांगा, आप्पा, की तुमचं म्हणणं अगदी शब्दशः खरं झालं? घरातला गडी गेला आणि मगच मला गाडी मिळाली. तुमच्या मागे दादाने चारचाकी घेतली, तुमची शंभर सीसीची गाडी गोठ्यात वैरणीशेजारी पडून होती, आणि मला नुकतीच दूध डेअरीत नोकरी लागली होती. गावोगावच्या संकलन केंद्रांवर जाऊन दुधाची तपासणी करायची, तेही एष्टीच्या भरवशावर. मी कोणाला विचारलं नाही. गाडी ढकलत कालव्यावर नेली, पडले, उठले, गुडघे फोडून घेतले आणि शिकले. पुढे लग्न झालं ते जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाशी, ज्याला दुचाकीची भीती वाटते. तो माझ्या मागे बसतो. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना सवय झाली. त्याला मात्र पहिल्या दिवसापासून कसलीच लाज वाटली नाही, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी त्याच्या बाकीच्या शंभर गोष्टी सोडून देते.

तुमची गाडी मी झिजेपर्यंत चालवली. तिचा राग नाही. पण दौंड-नगर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडायचा म्हटलं की तिचा जोर पुरत नसे, आणि समोरून ट्रक आला की वाऱ्याने ती अक्षरशः रस्त्याच्या कडेला सरकायची. वर्षानुवर्षं मी कडेकडेने चालले. एकदा शिरूरच्या पुढे ढाब्यावर एक बाई भेटली, हैदराबादहून एकटी आलेली. तिची गाडी पुढून रुंद, वर वारा अडवणारी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. स्पोर्ट टूरर म्हणतात तिला. लांब पल्ल्याची, वेगाची, आणि तरी दिवसभर पाठ न मोडणारी. ती बाई चहा पिऊन निघाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मी बघतच होते. त्या दिवशी ठरवलं. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी शोधली. पुण्यात एका माणसाकडे मिळाली.

तिथला प्रकार ऐका. मी इंजिनाचा आवाज ऐकला, साखळी बघितली, टायरची नक्षी नखाने चाचपली, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं का ते वाकून पाहिलं, प्रश्न विचारले. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याला देत होता. शेवटी चावी काढली ती त्याच्याच हातात ठेवली. "साहेब, एक राउंड मारून या. मॅडम बसतील तोवर सावलीत." माझा नवरा चावीकडे साप बघावा तसा बघत राहिला. म्हणाला, "मला सायकलच्या पुढं काय येत न्हाई हो," आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. तो माणूस मग हसला, "आयला, मॅडम स्वतः?" म्हणाला. मी एक चक्कर मारून आले तरी त्याचं तोंड मिटलं नव्हतं. त्या चकरेत रागाने मी पहिल्याच चौकात चुकले. तुमच्या गाडीचे चारही गिअर पुढे दाबायचे, हिचा पहिला खाली आणि बाकीचे वर. पाय सवयीने दाबत राहिला आणि इंजिन असं किंचाळलं की अख्खा सिग्नल माझ्याकडे वळला.

गाडी घरी आली तशी मी आईला म्हटलं, चल, भंडारदरा. ती दादाकडे असते. दादा ओट्यावर बसला होता, तिथूनच ओरडला. "येडी झाली का? तिचं वय काय, तुजं वय काय? तिला बघायचंच आसंल तर मी नेतो ना गाडीत." मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, "बघू की. ऊस जाऊदे." आप्पा, तो बोलत होता आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता, फक्त घाटाच्या जागी ऊस आला होता. मी काही बोलणार तेवढ्यात आईच बाहेर आली. नऊवारीचा कासोटा घट्ट केलेला, पदर कमरेला खोचलेला, हातात पिशवी. "हेल्मेट का काय ते कुठंय? आन मी आडवी बसनार न्हाई. जन्मभर आडवी बसले, कंबर गेली माजी." आणि तिने पाय टाकला, आप्पा. लुगडं नेसलेली, सत्तरीतली बाई दोन्हीकडे पाय टाकून ताठ बसली. तुमच्या मागे बाजाराला जाताना ती कशी बसायची, साडी गार्डला एका हाताने धरून, अर्धी हवेत, ते तुम्ही कधी मागे वळून बघितलं होतं का?

शिरूर, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर. आई अर्ध्या वाटेपर्यंत गप्प होती. मला वाटलं घाबरली. संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "थांबत जाऊ नगं सारखी. चांगलं वारं लागतंय." अकोले गावापुढे भात सोंगून ठेवलेलं, डोंगरांवरचं गवत पिवळं झालेलं. विठ्याचा घाट लागला. मी मनात म्हटलं, हाच तो, जो चढायचा नव्हता. गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकूर न करता, आम्हाला दोघींना वर नेलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमची कीव आली. वाटलं, बिचारे, तेव्हा अशी गाडी असती तर आणलं असतं आईला.

धरणाजवळच्या शेंडी गावात गाडी लावून आम्ही पाण्याकडे गेलो. धरण काठोकाठ. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघत राहिली. मग म्हणाली, "चित्रात येवढं वाटत न्हवतं." मी म्हटलं, "आप्पांनी बघायला पाहिजे होतं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी बघितल्यालं हाय की. दोन येळा आल्ते."

मला कळेना. "कशानं आले होते?"

"गाडीव. तुज्या मामाला मागं घिऊन. मामानीच सांगितलं मला, गमतीत. हितं मासं खाल्लं, पान्यात पवलं. म्हने, भाऊजींची गाडी घाटात बी कुठं थांबली न्हाई."

मामा, आप्पा. मामा म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं. आई त्याच्या निम्मी सुद्धा भरली नसती. "मग तू त्यांना बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडले, शेजारी फोटो काढणारी पोरं वळून बघायला लागली. आई कठड्यावरचा हात न काढता म्हणाली, "बोलायचं काय त्यात? मी दर दिवाळीला इचारायची की. आवंदा तरी खरं बोलत्यात का बघायला."

मी तिला भोळी समजत होते. तुम्ही तिला भोळी समजत होता. आणि ती चुलीपुढे बसून दर वर्षी तुमची परीक्षा घेत होती आणि तुम्ही, दर वर्षी, मान खाली घालून नापास होत होता. एकदा तरी म्हणायचं होतंत, की मला तुला न्यायची लाज वाटते, किंवा कंटाळा येतो, किंवा मला मित्रांतच मजा येते. ती चिडली असती, चार दिवस अबोला धरला असता, पण तिला खरं उत्तर तरी मिळालं असतं. बिचाऱ्या गाडीवर का ढकललंत? त्याच गाडीवर मी ऊन-पाऊस न बघता केंद्रं फिरले, मागे नवरा, पुढे दुधाच्या नमुन्यांची पेटी, आणि प्रत्येक चढाला तिला मनातल्या मनात म्हणायचे, तुझ्यात दम नाही गं बाई. खोटं तुम्ही बोललात आणि मी वर्षानुवर्षं त्या मुक्या यंत्राला कमी लेखलं. मला ह्याचासुद्धा राग आहे.

शेंडीलाच मुक्काम केला. आईने मासे मागितले. "त्यांनी खाल्लं तसलंच आन," म्हणाली, आणि काटे काढत काढत सगळी ताटली संपवली. परत आलो तेव्हा दादा दारातच उभा. "बरी हाय ना? कंबर दुखती का?" आईने हेल्मेट त्याच्या हातात दिलं, जसं काही तो तिच्या हाताखालचा माणूस आहे, आणि मला म्हणाली, "आता म्हायेराला जाऊ. गावातनं मात्र हळू ने, समद्यांनी बघाय पायजे." दुसऱ्या दिवशी दादाने गाडी पुसली, मी बघत नाही असं बघून. एवढं झालं तरी पुष्कळ.

आप्पा, हे कुठे टाकायचं नाही, मला माहीत आहे. तुम्हाला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, कागद कशाला खराब केलास. राहू दे माझ्याकडेच. राग कमी झाला असंही नाही. पण सगळं सांगितलंय तर एक गोष्ट झाकून ठेवत नाही. परतीच्या वाटेवर राजूरला आम्ही थांबलो होतो. आई उतरून बाजूला उभी होती आणि मी गाडी वळवत होते. खाली बारीक खडी. पाय सरकला, तोल गेला आणि एवढी जड गाडी माझ्या अंगावर कलायला लागली. चहावाल्याने आणि आणखी दोघांनी धावत येऊन धरली म्हणून वाचले. पण ते येईपर्यंतच्या क्षणात मी जोरात ओरडले, "आप्पा!"

गाडी सरळ झाली, माणसं पांगली. आई पदराने माझ्या कोपराची धूळ झटकत होती. म्हणाली, "मी हितं पुढ्यात हुबी हाय, आन तू हाका त्यांना मारती व्हय?"