मी चव घेतली नव्हती

सिहोरा,
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय वीरेंद्रदादा,

सप्रेम सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे? मनालीवहिनींना सांग, लोणचं पोचलं. इकडे हलका धान कापणीला आलाय. शाळा सुरू आहे.

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू लगेच प्रार्थना सुरू करतोस, मग मला बोलता येत नाही.

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुला सांगितलंच असेल. हो, मी शाळा समितीच्या बैठकीत उभी राहिले. आठ वर्षांपूर्वी खिचडीनं एकोणीस मुलं आजारी पडली, तेव्हा मी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. तुला आजवर अर्धंच सांगितलंय. बाकीचं ऐक.

त्या दिवशी आमची स्वयंपाकीण गोदावरीबाई माझ्याकडे आली होती. "मॅडम, तेलाले वास येऊन राह्यला जी." मी निकालपत्रकं भरत होते. म्हटलं, "तेच टाक. उशीर होतोय." मुलांच्या आधी शिक्षकानं खिचडी चाखायची असते. मी न चाखताच वहीत सही केली. आणि चौकशीत म्हणाले, "मी चाखली तेव्हा चांगली होती. नंतर तिनं काय केलं, मला माहीत नाही."

मुलं दोन दिवसांत बरी झाली. तिला काढलं. बौद्ध बाईच्या हातचं आमच्या पोरांना नको, असं म्हणणारे गावात आधीपासून होतेच. मी त्यांच्या हाती कारण दिलं. हे मला तेव्हाही कळत होतं, दादा.

तू म्हणतोस, प्रभूनं क्षमा केली, आता कशाला उकरतेस? मंडळीचं नाव जाईल, तुझी नोकरी जाईल. आठ वर्षं मी वेदीपुढे रडले आणि दर वेळी हलकी होऊन घरी आले. ती मात्र लोकांच्या शेतात, बांधीत धानाची रोवणी करत राहिली. असली क्षमा मला नको. माझा देव इतका स्वस्त नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं.

"आठ वर्षं काहून नाई बोलल्या, मॅडम?"

"भित्री होते."

"जहरवाली म्हणत मले. बजारात बी."

मी माफी मागितली. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमच्या येशूनं केली असन. तो मोठा हाय. मले येळ लागन."

दुसऱ्या दिवशी बैठकीला मात्र ती आली. मागे उभी राहिली. माझं बोलून झाल्यावर तीच म्हणाली, "हे लिवून घ्या जी. माह्या नावासंग लिवा." लिहून घ्यावं लागलं.

माझी चौकशी लागली आहे. लागू दे.

येत्या रविवारी भंडाऱ्याला येते. मंडळीत उभी राहून हेच सांगणार आहे. उपासना तू चालवणार आहेस. मला रोखायचं असेल तर सगळ्यांदेखत, तोंडानं रोख. मध्येच गीत सुरू करू नकोस.

क्षमेची वाट पाहणारी, पण मागे न फिरणारी
तुझी बहीण,
रुचिता